सोळाशे पन्नासचा बटनवाला फोन : अकरा महिने वापरून

बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला एका मोबाइलच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "बटनवाला दाखवा, नेट नसलेला." काउंटरवरच्या पोट्ट्यानं मान वर न करताच विचारलं, "बुढ्यासाठी पाह्यजे काय, भाऊ?" मी हो म्हणालो. बुढा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे चांगला टच स्क्रीनचा फोन आहे, त्यावर ते रोज सकाळी कीर्तन ऐकतात. बटनवाला मला पाहिजे होता. मी अडतीस वर्षांचा, बी.ए. झालेला, पाच एकरवाला.

फोन १,६५० ला पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला, आता अकरा महिने होतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे फोन आतून भाऊ-भाऊच असतात. डब्यात फोन, बॅटरी, चार्जर आणि एक कागद, जो कोणी वाचत नाही. मी वाचला. त्या आठवड्यात रात्री हाताला काम नव्हतं.

बॅटरीपासून सुरू करतो. १००० एमएएच लिहिलंय. माझ्या जुन्या स्मार्टफोनची पाच हजारांची होती आणि ती दुपारपर्यंत टिकायची नाही. वावरात जाताना डब्याबरोबर पॉवर बँक न्यायचो, म्हणजे विचार करा. हा एकदा चार्ज केला की पाच दिवस जातो, कधी कधी सहाही. चार्जरची पिन जुन्या पद्धतीची आहे, तेवढी जपा. ती हरवली की गावात मिळत नाही.

टॉर्च पैकीच्या पैकी. आमच्याकडे कृषिपंपाची लाइन रात्रीची असते, बारा-एकला येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर तेव्हाच उठायचं. वरचं बटन दाबून धरलं की टॉर्च लागतो, फोन उघडायची गरज नाही. ओल्या हातानेही लागतो. ओलीतावरच्या माणसाला याहून जास्त काही नको.

जागलीचं सांगतो, म्हणजे हा फोन का घेतला ते कळेल. २०२३ चा हिवाळा होता. हरभरा घाट्यावर आलेला, रानडुकरांचा सुळसुळाट. मी मचाणावर बसलेलो, कानात इअरफोन, हातातल्या फोनवर पैसे लावून रमी. तेरा पत्ते, दोन सिक्वेन्स लागलेले, एका पत्त्याची वाट. टेबल १,००० चं. समोरचा खेळाडू प्रत्येक वेळी वेळ संपत आली की पत्ता टाकायचा, आणि मी श्वास धरून बसायचो. त्या डावात मी हरलो, मग पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. इअरफोन काढला तेव्हा उजाडत होतं. मचाणापासून वीस पावलांवर दोन तास रानडुकरं चरून गेली होती. निम्मा पट्टा नांगरल्यासारखा झाला होता. घरी सांगितलं, झोप लागली. झोप लागली म्हटलं की लोक दया करतात.

रमीला मी जुगार समजतच नव्हतो. जाहिरातीत म्हणायचे, कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानं सांगितलंय. ते खोटंही नव्हतं. सुप्रीम कोर्टानं १९६८ सालीच रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलेलं आहे. पण ते क्लबात पत्ते कुटत बसणाऱ्या माणसांबद्दल होतं. वावरातल्या मचाणावर रात्री दोनला, सावकाराचे पैसे लावून खेळणाऱ्याबद्दल नव्हतं. मी मात्र बायकोला हा निकाल सांगायचो. वकिलासारखा.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. पहिल्या महिन्यात १४,००० जिंकलो. ते जिंकले नसते तर बरं झालं असतं. पुढच्या चार वर्षांत एकंदर ४,६३,००० गेले. हा आकडा माझा अंदाज नाही, मी आणि बायकोनं बसून बेरीज केलेला आहे. त्यात सोयाबीनचे पैसे आहेत, शेकडा पाचनं घेतलेलं सावकाराचं आहे, दोन लोन अॅपचं आहे, बायकोच्या बचत गटाचं आहे. आणि नऊ हजार वेगळे लिहिलेत.

ते नऊ हजार लाडक्या बहिणीचे. योजनेचे पैसे जुलै २०२४ पासूनचे, महिन्याला १,५००. बायकोकडे तेव्हा फोन नव्हता, तिच्या खात्याला नंबर माझा. मेसेज मला यायचा, ओटीपी मला यायचा. जानेवारी २०२५, संक्रांतीच्या चार दिवस आधी, ती गटाच्या बायांसोबत बँकेत गेली. वाणासाठी दोन हजार काढायचे होते. आधी पासबुकवर एंट्री मारून घ्यावी म्हणून मशीनला लावलं. मशीन छापत राहिलं. पान भरलं, उलटा म्हणालं. उलटलं. परत भरलं. ४९, ९९, १००, १००, २००, सगळे गेलेले. मागं रांग वाढत होती. गटाच्या अध्यक्ष बाईनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "काय वो, एवढं रिचार्ज कायचं मारता?" खाली शिल्लक ११ रुपये.

ती घरी आली आणि पासबुक माझ्यासमोर पाटावर ठेवलं. काही बोलली नाही. त्या वर्षी तिनं वाण दिलं नाही, आणि कोणाकडे हळदीकुंकवालाही गेली नाही. पुढच्या काही दिवसांतली एक रात्र अशी होती की तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहितो की त्या रात्री मी १४४१६ लावला होता. हा सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन आहे, टेलिमानस म्हणतात, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईनं पहिल्यांदा "तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?" असं विचारलं. वावरात म्हटलं. "घरापर्यंत चालत किती वेळ लागतो? चाला, मी फोनवर आहे." मी चालत आलो. जुगाराबद्दल त्या रात्री तिनं एक शब्द काढला नाही.

या फोनमध्ये २ चं बटन दाबून धरलं की १४४१६ लागतो. स्पीड डायल मी स्वतः लावलाय. १ ला बायको आहे. अकरा महिन्यांत २ चं बटन चार वेळा दाबलं.

आता विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी. बटनवाला म्हटला म्हणजे साधा, असं राहिलं नाही. दुकानदार तुम्हाला ४जी बटनवाला दाखवेल, शे-दोनशे जास्त, "यात यूट्यूब पण चालते भाऊ, पैसे पण पाठवता येते." तो घेऊ नका. माझ्यासारख्यानं तर नाहीच. २जी मागा. पण २जी घेतला तर एक भानगड होते. माझं सिम ज्या कंपनीचं होतं तिचं २जी नेटवर्कच नाही, म्हणून घरी येऊन सिम टाकलं तर फोन मुका. मग १९०० वर पोर्टचा मेसेज करून कोड मागवा, तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जा, अंगठा द्या, आठवडाभर वाट पाहा. त्या आठवड्यात माझ्याकडे कोणताच फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी हात आपोआप खिशाकडे जायचा, तंबाखू सोडलेल्या माणसाचा जातो तसा. मी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो आणि अंगठा सोललेल्या दाण्यावर पत्ता सरकवल्यासारखा सरकत होता. बायकोनं पाहिलं. तिनं टोपलं ओढून घेतलं.

आणखी एक. लोकांना वाटतं बटनवाल्यातून पैसे जातच नाहीत. जातात. २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआय करता येतं, नंबर लावून, बटनं दाबून. तेव्हा नुसता फोन बदलून भागत नाही. मी बँकेत जाऊन यूपीआय बंद केलं, एटीएम कार्ड परत केलं आणि बायकोच्या खात्याला तिचाच नंबर लावला. जुना स्मार्टफोन साफ करून तिला दिला. माझ्या खिशात रोज २०० रुपये असतात आणि संध्याकाळी त्याचा हिशोब पावतीसह द्यावा लागतो. चहाची पावती कुठून आणू म्हटलं तर म्हणते, "चहा घरी घ्या."

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी या फोनला औषध म्हटलं नाही, हेही सांगून ठेवतो. त्या म्हणाल्या, हे कुंपण आहे. जुगाराची तलफ येते तेव्हा डोंगराएवढी वाटते, पण तिला काही करू दिलं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासात उतरते. स्मार्टफोनवर तलफ ते डाव हे अंतर दहा सेकंदांचं. या फोनमुळे ते अंतर गावातून निघून, कोणाचा तरी मोबाइल मागून, पासवर्ड आठवून, पैसे कुठून तरी उभे करून, असं दोन-तीन तासांचं होतं. तेवढ्यात माणूस थकतो. शिवाय त्यांनी एक गोष्ट समजावली जी मला चार वर्षं कळली नव्हती. एका पत्त्यानं हुकलेला डाव डोक्याला हरल्यासारखा लागत नाही, जवळजवळ जिंकल्यासारखाच लागतो. म्हणून माणूस उठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारू-तंबाखूच्याच घरात बसवलंय, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, हे एका कागदावर लिहून द्या, बाबांना दाखवतो." त्यांनी लिहून दिलं. बाबांनी कागद वाचला, घडी केली आणि देवघरातल्या पोथीत ठेवला. कोणाला दिसू नये म्हणून.

कारण बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "दारू पेते म्हणून सांग एकवेळ. दारूले लोक समजून घेतात. जुगाराचं तोंडातून काहाडू नोको." हे रागानं नव्हते म्हणत. लहान भावाची सोयरीक चालू होती. पुसदकडचे पाहुणे पाहून गेले होते, पोरगी पसंत, पोरगा पसंत, साक्षगंधाची तारीख काढायची राहिली होती. आणि त्याच वेळी एका लोन अॅपवाल्यानं माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर माझा फोटो टाकून मेसेज पाठवला, कर्जबुडवा म्हणून. त्यात पाहुण्यांच्या मध्यस्थाचाही नंबर होता. आठ दिवसांनी निरोप आला, गुण जुळत नाहीत. पत्रिका आधीच जुळवून झाली होती, हे दोन्ही घरांना माहीत होतं. भाऊ मला काही बोलला नाही. त्यानं फक्त माझ्यासोबत एका ताटात जेवणं सोडलं.

दवाखान्याचंही तसंच. यवतमाळला दर पंधरा दिवसांनी का जातो, तर मणक्याची गादी सरकली, असं घरानं ठरवलं. आमच्याकडे डोक्याचा दवाखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नागपूरचा पागलखाना येतो. तिथे तर चौकाचंही नाव पागलखाना चौक आहे. त्यापेक्षा मणका बरा. पण मणक्याचा त्रास फार मोठा असतो, नसलेला मणका दुखणं तर फारच. पारावरून जाताना वाकून चालावं लागायचं. एकानं महानारायण तेल आणून दिलं, एकानं पट्टा दिला, एका म्हातारीनं पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ सुचवली आणि पायाळू माणूसही शोधून आणला. लाथ खाल्ली. काय करता.

फोनबद्दलही लोक विचारतातच. एवढा शिकलेला माणूस बटनवाला घेऊन फिरतो म्हणजे काही तरी आहे. कोणी म्हणतं पैसेवाला झाला, भाव खातो. कोणी म्हणतं येडा झाला. मुलाला शाळेत पोरं म्हणाली, "तुह्या बापाले साधा मोबाइल नाही." त्यानं घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाला, "मी म्हटलं, हायच ना, साधाच हाय."

गावाचं मला नवल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. गाव काही जुगाराला नवखं नाही. सट्टापट्टी लिहिणारे माझ्या आजाच्या काळापासून आहेत, धाडी पडतात, पेपरात 'वरली मटका' म्हणून नावं छापून येतात, दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच पानठेल्यावर. आणि हा मटका आला कुठून, तर आमच्याच कापसातून. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, ते तारेनं मुंबईला यायचं आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ च्या सुमारास तो भाव येणं थांबलं, मग चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते आले, मटका किंग रतन खत्री आला. पण ओपन आणि क्लोज हे शब्द तसेच राहिले. कापूस पिकवणाऱ्यानं पाहिला नाही एवढा पैसा कापसाच्या भावावर आकडा लावणाऱ्यांनी फिरवला. माझा आजा ओपन-क्लोज म्हणायचा तेव्हा तो कापसाबद्दलच बोलतोय असं त्याला माहीतही नसेल.

गैरसोयी आता सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत आणि फोन विकणारा त्या सांगणार नाही.

व्हॉट्सअॅप नाही, म्हणजे तुम्ही नातेवाइकांत नाही. माझा मावसभाऊ गेला, निरोप घराण्याच्या ग्रुपवर पडला, मला कळलं तेव्हा तेरवी होऊन गेली होती. मावशी अजून बोलत नाही. तिला खरं कारण सांगावं तर तेही सांगता येत नाही, मणका आड येतो.

सरकार तर पूर्ण अॅपवर गेलंय. पीकपेरा ई-पीक पाहणीतून, वावरात उभं राहून फोटो काढून. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून कपास किसान अॅपवर नोंदणी आणि स्लॉट. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० जाहीर झाला आणि खेड्यावरचा व्यापारी त्याच्या हजार-बाराशे खाली मागत होता, म्हणजे नोंदणी सोडून देणं परवडणारं नव्हतं. ही सगळी कामं बायकोनं केली. ऑगस्टात ती फोन घेऊन धुऱ्यावर उभी राहायची, लोकेशन पकडायचं नाही, मग दहा पावलं पुढे, मग परत. मी मागं छत्री धरून. शेजारच्या धुऱ्यावरून आवाज यायचा, "काऊन बे, मालकीण बदलली काय वावराची?" तिनं एकदाच उत्तर दिलं, "हो." नोव्हेंबरात स्लॉट लागला, गाडी भरून नेली, ओलावा दहा निघाला, बाराच्या आत पाहिजे होता. पैसे खात्यात आले तो मेसेज तिच्या फोनवर वाजला. मी बैलाजवळ उभा होतो. तिनं रक्कम वाचून दाखवली आणि फोन परत ब्लाउजमध्ये ठेवला.

ओटीपी या फोनवर येतो, ते काम अडत नाही. मेसेज साठवायची जागा मात्र लहान आहे, इनबॉक्स भरला की नवीन येणं बंद. आणि सुरुवातीचे तीन महिने तो कर्जवाल्यांच्या आणि 'तुमच्यासाठी ५०० चा बोनस वाट पाहतोय' अशा मेसेजांनीच भरायचा. फोन बदलला तरी नंबर तोच, आणि त्यांना नंबर पाठ असतो. एकेक करून खोडायचे, कारण 'सगळे खोडा' हे कुठे आहे ते मला सहाव्या महिन्यात सापडलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीनं कायदाच केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, खेळणाऱ्याला मात्र नाही. माझं रमीचं अॅप त्याच आठवड्यात थंडावलं, असं भावानं सांगितलं. (हे त्यानं महिन्यांनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.) मग लोक म्हणतील, आता स्मार्टफोन घ्यायला काय हरकत? हरकत अशी की बंद झालं म्हणतात ते सगळं बंद होत नसतं. कुठली तरी लिंक येते, कोणी तरी बाहेरची साइट सांगतो. आणि दुसरी हरकत पोळ्याच्या दिवशी कळली.

कायद्याचा तो आठवडा आणि पोळा एकत्रच आले. आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळणं म्हणजे परंपरा. बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळी झाली की गोठ्यागोठ्यांत चटई पडते. शाळेतले गुरुजी बसतात, सरपंच बसतो. त्या दिवशी कोणी कोणाला जुगारी म्हणत नाही. मला हाक आली, मी गेलो. नुसता पाहायला. मग एका जणाला उठायचं होतं म्हणून त्याच्या जागी. तीन पत्ती. ७०० हरलो, २०० माझे आणि ५०० उसने. फोन खिशात होता, पाच दिवसांची बॅटरी, फुल टॉवर, काही उपयोग नाही. फोनचा दोष नाही, तो थोडाच चटईवर बसला होता. रात्री घरी आलो आणि पावती नाही म्हणालो. बायको उमरेडकडची. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपूरकडे मारबतीचा पुतळा काढून जाळतात त्या दिवशी, तिनं माहेरच्या पद्धतीनं दारात उभं राहून म्हटलं, "ईडा, पीडा, पत्ते, जुगार घेऊन जा गे मारबत." मुलगा हसला. मी पण हसलो, पण तिचं तोंड हसणारं नव्हतं.

मणक्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला. संध्याकाळी गाठोडी गाडीत टाकायची होती, मजूर बाया निघून गेल्या होत्या. मी एक गाठोडं उचलून डोक्यावरून गाडीत फेकलं, मग दुसरं. मागून ज्यानं मला पट्टा दिला होता तोच आला. "अबे, तुहा मणका?" माझ्या डोक्यावर तिसरं गाठोडं होतं. खाली ठेवायला जागा नव्हती, ओल होती. तसाच म्हणालो, "मणका नाही रे. रमी होती." तो काही बोलला नाही. गाठोड्याची दुसरी बाजू धरली, दोघांनी गाडीत टाकलं. मग बिडी काढली, मला दिली नाही, स्वतः ओढली आणि गेला.

वाटलं, झालं, आता उद्या पारावर. दोन दिवस पारावर काही नाही. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तो घरी आला. पट्टा परत मागायला आला असेल असं वाटलं. ओट्यावर बसला, पाणी घेतलं, पावसाचं बोलला, बोंडअळीचं बोलला. निघताना म्हणाला, "हा तुहा फोन केवढ्याले पडला?"

"सोळाशे पन्नास."

"पोट्ट्यासाठी पाह्यजे होता," तो म्हणाला. त्याचा पोट्टा सहा वर्षांचा आहे. मी म्हटलं, "दारव्ह्याला भेटते. २जी मागजो." आणि सिमचं, पोर्टचं, १९०० चं सगळं एका कागदावर लिहून दिलं. खाली १४४१६ पण लिहिलं, हे काय आहे ते न सांगता. बाबा आतून पाहत होते. त्यांनी त्या दिवशी तरी कंदील बारीक केला नाही, नाहीतर पाहुणा निघायच्या आधीच करतात.

बाकी किरकोळ. रेडिओ चांगला लागतो, पण इअरफोन लावल्याशिवाय नाही, तोच अँटेना. मला इअरफोन कानात घालणं अजून जमत नाही, म्हणून तो भोकात नुसता अडकवून स्पीकरवर ऐकतो. रात्री ओलीतावर आवाज मोठा ठेवतो, रानडुकरं त्यालाही भितात. मराठीत मेसेज लिहिणं म्हणजे शिक्षा, जोडाक्षराला सात वेळा बटन दाबावं लागतं. मी 'बरं' आणि 'येतो' एवढंच लिहितो. फोनमध्ये साप आणि बुद्धिबळ असे दोन गेम आधीच घातलेले आहेत आणि ते काढता येत नाहीत, दुकानदाराला दोनदा विचारलं. निदान पत्त्यांचा नाही. सापाला मी हात लावलेला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा टॉर्चचा जास्तीचा धरा.

सध्या मधलं ओकेचं बटन ढिलं झालंय, दोनदा दाबलं तर एकदा लागतं. दुकानदार म्हणतो कीपॅड बदलावा लागेल, १५० रुपये. येत्या बाजाराला जाणार आहे. बायकोला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती, तिनं वळून पाहिलं नाही.

"पावती घेऊन येजा."